चोर सोडून कोळ्याला फाशी

प्रश्न कोथरूडच्या एका ताईंचा आहे. त्यांचा मुलगा फेब्रुवारीत शिकायला सिडनीला चाललाय. हे कळल्यापासून नातेवाइकांनी त्यांच्या फोनवर कोळ्यांच्या व्हिडिओंचा रतीबच लावलाय. बुटातून निघालेला कोळी, केळ्यांच्या घडातला कोळी, मांस सडवणारा कोळी. त्यात परवा त्यांच्याच बाथरूमच्या भिंतीवर तळहाताएवढा एक निघाला. त्याचा फोटो पाठवून त्या विचारतात, "जगातले खरोखर धोकादायक कोळी कोणते? मुलाने काय काळजी घ्यावी? आणि आमच्या बाथरूममधल्याचं काय करू? सासूबाई म्हणतात, नुसता अंगावरून गेला तरी फोड येतात."

ताई, सिंहगड रस्त्यावर माझा दवाखाना आहे, सत्तावीस वर्षं झाली. कोळ्यांचा नाद त्याच्याही आधीपासूनचा. "डॉक्टर, कोळी चावला" असं म्हणत आलेल्या प्रत्येक पेशंटची मी एका वहीत वेगळी नोंद ठेवतो. ती वही आता चांगली जाड झालीय, पण त्यात कोळी खरोखर चावल्याच्या नोंदी बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. बाकीच्यांना काय झालं होतं ते पुढे सांगतो, कारण पुण्यात राहणाऱ्या माणसाने खरी काळजी करावी अशी गोष्ट तिथेच आहे. आधी मुलाचं बोलू.

जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात. एखाद-दुसऱ्या कुळाचा अपवाद सोडला तर सगळ्यांकडे विष असतं. पण ते माश्या, झुरळं, नाकतोडे लोळवण्यासाठी. माणसाच्या जिवावर बेतू शकेल असं विष असणारे गट तीन-चारच. त्यातला पहिला नेमका सिडनीचा, हे मात्र खरं.

सिडनी फनेल-वेब. काळाकुळकुळीत, अंग चकाकणारं, बिळाच्या तोंडाशी नरसाळ्यासारखं जाळं विणणारा. सिडनीच्या आसपासच्या पट्ट्यातच राहतो. कोळ्यांत सहसा मादी जास्त डेंजर, इथे उलटं आहे: नराचं विष मादीच्या कितीतरी पट जहाल. शिवाय मादी बिळात बसून असते आणि नर उन्हाळ्यात मादीच्या शोधात रात्री भटकतो. तिकडे ऋतू उलटे, त्याच्या भटकंतीचा काळ म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, त्यामुळे तुमचा मुलगा उतरेल तो ऐन हंगामातच. भटकताभटकता हा नर घरात शिरतो, जमिनीवर पडलेल्या कपड्यांत किंवा बुटात दडतो, कधी पोहण्याच्या तलावात पडतो आणि तिथे तासन्‌तास जिवंत राहतो. मेलाय समजून बाहेर काढायला जावं तर चावतो.

त्याच्या विषातला मुख्य घटक नसांमधली सोडियमची दारं बंदच होऊ देत नाही. नस एकदा संदेश देऊन थांबायची, ती देतच राहते. तोंडाभोवती मुंग्या येतात, जिभेला थरथर सुटते, लाळ आणि घाम वाहतो, रक्तदाब चढतो, फुप्फुसात पाणी भरतं. हे सगळं काही मिनिटांत सुरू होऊ शकतं. गंमत म्हणजे कुत्र्या-मांजरांना हे विष फारसं बाधत नाही. माणसाला आणि माकडाला मात्र बाधतं.

आता दुसरी बाजू. १९२७ ते १९८० या काळात या कोळ्यामुळे झालेल्या मृत्यूंची नोंद आहे तेरा. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये स्ट्रुअन सदरलँड यांनी अनेक वर्षं खटपट करून सशांच्या रक्तातून प्रतिविष तयार केलं, ते १९८१ मध्ये हाती आलं. त्यानंतर आजवर एकही माणूस याच्या दंशाने गेलेला नाही. हे प्रतिविष बनवायला लागणारं विष सिडनीच्या उत्तरेला असलेल्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये काढतात. काचेच्या बारीक नळीने सुळ्यांच्या टोकांवरचे थेंब ओढून घ्यायचे, असं ते काम. त्यासाठी लोकांनाच आवाहन असतं की घरात कोळी सापडला तर बरणीत घालून आणून द्या. आणि लोक खरंच आणून देतात! आपल्याकडे बरणी आणायच्या आधी झाडू येतो.

मुलाला एवढंच सांगा. बूट घालायच्या आधी झटकायचे, ओले टॉवेल जमिनीवर टाकायचे नाहीत. बागेत हातमोजे. काळा मोठा कोळी चावलाच तर क्रेप बँडेज घेऊन चावल्या जागेवरून सुरू करून सगळा हात किंवा पाय गुंडाळायचा, मुरगळल्यावर बांधतो तितपत घट्ट. मग फूटपट्टी किंवा काठी बांधून तो अवयव स्थिर करायचा, जागचं हलायचं नाही आणि ००० ला फोन लावायचा. चालत खाली उतरून टॅक्सी शोधायची नाही. स्नायू हलले की विष पसरतं.

तिथलाच दुसरा म्हणजे रेडबॅक. वाटाण्याएवढी काळी मादी, पाठीवर लाल पट्टा. बागेतल्या खुर्च्या, कुंड्या, पत्र्याची शेड, जुन्या काळी परसातले संडास, या तिच्या जागा. हिच्या दंशाला वरचं बँडेज बांधायचं नाही, त्याने वेदना वाढते. बर्फ लावायचा. अमेरिकेतली ब्लॅक विडो हिची सख्खी चुलत बहीण. या कुळाचं विष नसांच्या टोकाशी साठवलेली रसायनं एकदम ओतायला लावतं. त्यामुळे पोट लाकडासारखं कडक होतं, पाठीत गोळे येतात, दरदरून घाम फुटतो. अपेंडिक्स फुटलं समजून ऑपरेशनची तयारी व्हावी, असं चित्र असतं. अलाबामा विद्यापीठातल्या ॲलन ब्लेअर या प्राध्यापकांनी १९३३ मध्ये काय होतं ते पाहायला स्वतःच्या बोटाला ब्लॅक विडो चावून घेतली. सुरुवातीला ते स्वतः नोंदी लिहीत होते, पुढे हाताने पेन धरवेना. रुग्णालयात काढलेल्या त्या दिवसांचं त्यांनी केलेलं वर्णन वाचवत नाही. पण ते जगले, आणि बहुतेक सगळेच जगतात. धडधाकट माणूस या दंशाने सहसा मरत नाही, मरण बरं असं मात्र त्याला काही काळ वाटतं. या कुळातल्या जाती भारतातही नोंदल्या आहेत. माझ्या दवाखान्यात तसा एकही पेशंट आलेला नाही.

मांस सडवणारा म्हणून ज्याचे व्हिडिओ फिरतात तो ब्राउन रिक्लूज. अमेरिकेच्या (यूएसएच्या) मधल्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांतला, तपकिरी, पाठीवर व्हायोलिनसारखी खूण. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, याला सहाच, तीन जोड्यांत. त्याच्या विषातलं एक एन्झाइम खरोखर कातडी मारतं आणि जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही. त्याचा दक्षिण अमेरिकेतला चिलीकडचा भाऊबंद आणखी वाईट. पण याच कोळ्याबद्दलची माझी आवडती गोष्ट कॅन्ससमधल्या एका घराची आहे. तिथे राहणाऱ्या कुटुंबाने सहा महिन्यांत घरातून हे कोळी पकडून मोजले, भरले २,०५५. घरात माणसं चार. चावला कोणालाच नाही. या अभ्यासातले रिक व्हेटर हे कोळीतज्ज्ञ पुढे वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या कानीकपाळी ओरडत राहिले, की जिथे हा कोळी सापडतच नाही त्या भागातही तुम्ही प्रत्येक काळ्या जखमेवर 'रिक्लूजचा दंश' असं लिहिताय, आणि त्यातल्या कितीतरी जखमा साध्या जंतुसंसर्गाच्या आहेत. हे वाचलं तेव्हा मी माझी वही उघडून बसलो होतो.

केळ्यांच्या घडातला तो ब्राझीलचा भटक्या कोळी. त्याच्या जातकुळीचं ग्रीक नावच 'खुनी बाई' अशा अर्थाचं. पुढचे पाय उभारून डोलतो, फोटो फार छान येतो. दंशाने पुरुषांमध्ये तासन्‌तास न उतरणारी वेदनादायक ताठरता येते, ही बातमी पसरायला अर्थातच वेळ लागला नाही. प्रत्यक्षात ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी अशा ४२२ दंशांचा अभ्यास केला तेव्हा गंभीर विषबाधा फक्त दोघांना झालेली निघाली, आणि ती दोन्ही लहान मुलं होती. साओ पाउलोची बुटांटान संस्था ते प्रतिविष बनवते. आपली केळी येतात जळगावहून, तेव्हा ही चिंता सोडून द्या. केळ्यांबरोबर जगभर फिरणारा आणि 'खुनी' म्हणून पकडला जाणारा कोळी पुष्कळदा दुसराच असतो. तो तुमच्या ओळखीचा आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

आकाराची भीती तर अगदीच बिनबुडाची. दक्षिण अमेरिकेतल्या गोलायथ कोळ्याचे पाय पसरले तर २८ सेंटीमीटर भरतात, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा. त्याचा दंश गांधीलमाशीइतपत. त्रास होतो तो पोटावरचे केस झाडतो त्याचा, डोळ्यांत गेले तर. व्हेनेझुएलात लोक तो भाजून खातात. लाओसमधला एक हंट्समन कोळी २००१ मध्ये शास्त्राला कळला, पाय पसरून ३० सेंटीमीटर! तोही निरुपद्रवी. आपल्या सह्याद्रीतही केसाळ कोळी आहेत. ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात रात्री रस्त्याकडेच्या मातीच्या भिंतीवर बॅटरी मारा. रुपयाएवढी भोकं, आत रेशमाचं अस्तर, आणि तोंडाशी टेकलेली पायांची टोकं दिसतील. झाडांच्या ढोलीत राहणारे जे पट्टेरी आहेत ते चावले तर मात्र स्नायूंना दिवसेंदिवस पेटके येतात. ढोलीत हात घालू नका, एवढंच.

आता पुणे.

दरवर्षी पाऊस ओसरला की मला वेताळ टेकडीवरून सकाळी फिरायला गेलेल्यांचे फोटो येतात: "सर, फनेल-वेब पुण्यात आलाय!" गवतावर दवाने पांढरी झालेली चादर, एका कोपऱ्यात नरसाळं, नरसाळ्याच्या तोंडाशी कोळी. जाळं खरंच तसं दिसतं. पण तो गवतातला लांडगा-कोळी, सिडनीवाल्याशी त्याचं दूरचंही नातं नाही. गवताची काडी चादरीवर हलकेच टेकवून पाहा. तो सुसाट बाहेर येतो, काडी आहे कळलं की तितक्याच सुसाट आत पळतो. इतका भित्रा.

आणि सासूबाईंचं 'अंगावरून कोळी फिरला' किंवा 'कोळी मुतला'. माझ्या वहीतली निम्मी पानं याचीच. पावसाळ्यात माणूस सकाळी उठतो तर मानेवर किंवा काखेजवळ लांबट, चटका बसल्यासारखा लालभडक पट्टा, त्यावर बारीक फोड, मध्यभागी पिवळट. कोपराच्या घडीत असेल तर समोरासमोर दोन चट्टे, एकाचा ठसा दुसऱ्यावर उमटलेला. हे काम कोळ्याचं नाही. ट्यूबलाइटला येणारा एक सडपातळ किडा असतो, मुंगीपेक्षा थोडा मोठा, अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे. तो चावतही नाही आणि डंखही मारत नाही. मानेवर वळवळलं म्हणून आपण झोपेत त्याला चिरडतो, त्याच्या अंगातलं रसायन कातडीला लागतं आणि आपलाच हात ते पुढे ओढतो. म्हणून पट्टा लांबट. फोड उठायला एक दिवस तरी जातो, तोवर किड्याचा पत्ता नसतो, आणि भिंतीवर असतो बिचारा कोळी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. किडा अंगावर दिसला तर फुंकरीने उडवा. चिरडला गेलाच तर साबण-पाण्याने लगेच धुवा. चुना, तंबाखूची राख असलं काही लावू नका. ते लावून आलेली कातडी मी पाहिलीय.

उरलेल्यांत काही नागिणीचे. अंगाच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा, आणि त्याआधी दोन दिवस तिथेच जळजळ. 'कोळी चावला' म्हणून लोक लेप लावत बसतात, मग 'नागीण' कळल्यावर तोंड आणि शेपूट जुळायची वाट बघत बसतात. तिचं औषध पहिल्या बहात्तर तासांत सुरू झालं तर खरा उपयोग. काहींची साधी गळवं, त्यातले बरेच मधुमेही. कोळ्याच्या नावाखाली साखर तपासायची राहून जाते.

आता माझीच चूक सांगतो. बरीच वर्षं झाली. मुळशीकडच्या एक मावशी आल्या, भाताच्या खाचरात काम करणाऱ्या. चार दिवस ताप, डोकं फुटतंय, आणि काखेत चवलीएवढी काळी खपली, भोवती लाल कडं. म्हणाल्या, "लावणीत कोळी डसला असंल." मी खपली पाहिली, कोळ्यांचा नाद असल्यामुळे माझेही डोळे चमकले. जखमेवर मलम आणि एक अँटिबायोटिक देऊन पाठवलं. एकच गोष्ट विचारायची राहिली: दुखतंय का? पाचव्या दिवशी त्यांना धाप लागली म्हणून मुलाने मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तीच खपली पाहिली, बोटाने दाबली, मावशींनी हूं की चूं केलं नाही. विडीचा चटका दिल्यासारखी, पण न दुखणारी काळी खपली आणि ताप, म्हणजे स्क्रब टायफस. डॉक्सिसायक्लिन सुरू झालं, दोन दिवसांत ताप उतरला. मावशी वाचल्या. औषध मी दिलेल्या गोळीपेक्षा स्वस्त होतं.

हा आजार पसरवते ती टाचणीच्या टोकाएवढी गोचीडवर्गातली अळी, गवता-झुडपांतून अंगावर चढणारी. लहानपणी आपण काड्यापेटीत ठेवायचो त्या मखमली मृगाच्या किड्याच्या गोतावळ्यातलीच. म्हणजे नातं लावायचंच तर आठ पायांच्या कुळातली चोर हीच निघाली, फक्त ती कोणाला दिसत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप असेल तर काख, जांघ, कमरेचा नाडा बसतो ती जागा, स्तनाखाली, केसांत पाहून घ्या. पेशंट स्वतःहून दाखवत नाही, कारण त्याला तिथे काही होतच नसतं.

तेव्हापासून 'कोळ्याचा दंश' असं लिहायला मी तीन गोष्टी मागतो. चावताना पाहिला का, तो कोळी आणलाय का (चिरडलेला चालेल), आणि ओळखणाऱ्याने ओळखलाय का. यातली एक जरी नसली तर दुसरंच काहीतरी कारण शोधायचं.

भीतीने काय होतं त्याचं २०१२ मधलं उदाहरण आसामच्या सदियाचं. केसाळ कोळ्यांचा सुळसुळाट झाला, माणसं चावून घेत सुटली, दोघे गेले अशा बातम्या आल्या. त्या दोघांना आधी मांत्रिकाकडे नेलं होतं आणि त्याने रक्त काढायला ब्लेडने कापलं होतं. त्यांचा जीव कोळ्याने घेतला की ब्लेडने, हे ठरलंच नाही. कापणं, चोखणं, आवळपट्टी, यातलं काहीही करू नका, ना कोळ्याला ना सापाला. आणि आपल्याकडचं सर्पदंशाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांसाठी असतं, कोळ्यासाठी ते मागू नका.

भ्यायचंच असेल तर आपल्याकडे विंचू आहे. कोकणातला लाल विंचू लहान मुलांचं हृदय बंद पाडायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ऐंशीच्या दशकात रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी त्यावर वापरून दाखवली, तेव्हा कुठे पोरं वाचायला लागली. सापाने तर देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत अंदाजे बारा लाख माणसं नेली. कोळ्याच्या नावावर यातलं काही नाही, आणि पेस्ट कंट्रोलवाले येतात ते मात्र त्याच्याच नावाने. साप साप म्हणून भुई धोपटायची तर निदान भुई तरी बरोबर निवडा.

तर तुमच्या बाथरूममधले पाहुणे. फोटो मोठा करून पाहिला. चपटं तपकिरी अंग, पाय खेकड्यासारखे बाजूला वळलेले, डोळ्यांखाली मिशीसारखी फिकट पट्टी. हाच तो केळ्यांच्या घडातून जगभर गेलेला हंट्समन. जाळं विणत नाही, रात्री भिंतीवर झुरळं धरतो. मुद्दाम चावायला येत नाही. हातात धरून दाबलात तर चावेल, मधमाशीइतकं दुखेल, बर्फ लावा.

पण फोटोत पोटाखाली जी पांढरट चपटी चकती दिसतेय ती घाण नाही. ती मादी आहे आणि ती अंड्यांची पिशवी आहे. पिल्लं फुटली की शेकड्यांनी निघतील. तीही निरुपद्रवीच, पण सासूबाईंना ते पटवायची जबाबदारी मी घेणार नाही. तेव्हा आज रात्रीच एक रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा तिच्यावर हळूच पालथा घाला. भिंत आणि डबा यांच्यामधून जाड लग्नपत्रिका सरकवा, घाई करू नका, पाय अडकतात. मग सोसायटीच्या बागेत, कंपाउंडच्या भिंतीपाशी सोडून द्या. आणि नाहणीच्या जाळीपाशी झुरळं कुठून येतात ते बघा, नाहीतर महिनाभरात दुसरी हजर होईल.